बोल्टवरचा पांढरा ठिपका

इथले अनुभव मी नेहमी वाचतो आणि खरं सांगायचं तर हसतो. पिंपळावरची बाई, आरशातला माणूस... जेवल्यावर करमणूक म्हणून बरं. मी गॅरेजवाला माणूस. गाडी बंद पडली तर एकतर पेट्रोल येत नसतं, नाहीतर ठिणगी पडत नसते. तिसरं कारण मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. या उन्हाळ्यात पाहिलं. लिहू की नको करत बरेच दिवस घालवले, कारण यात माझीच लाज आहे. पण आता घरात सगळ्यांना कळलंय, मग तुमच्यापासून काय लपवायचं?

आमचं घर भूगावात, मेन रोडपासून थोडं आत. पूर्वी चारी बाजूंना भातखाचरं होती, आता तीन बाजूंना सोसायट्या. घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे माझ्या थोरल्या भावाची, दादाची गाडी असते – साठ वर्षांपूर्वीची, करड्या रंगाची, गोल दिव्यांची. दादा मोठा मिस्त्री. मी त्याच्याच हाताखाली शिकलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुन्या गाडीत ठिणगी कधी पडायची ते डिस्ट्रिब्युटर ठरवतो. एक बोल्ट ढिला करून तो जरासा फिरवायचा, की ठिणगी लवकर किंवा उशिरा पडते. यालाच टायमिंग लावणं म्हणतात. ठिणगी लवकर पडली तर गाडीला चढावर ओढ बरी येते. पण बॅटरी उतरली आणि पुढून लोखंडी हँडल मारून गाडी चालू करायची वेळ आली, तर तेच इंजिन उलटा झटका मारतं. मनगट मोडतं, जबडाही फुटतो.

म्हणून दादाचा नियम होता. टायमिंग लावलं की स्वतः हँडल मारून बघायचं. झटका आला नाही तरच आवळलेल्या बोल्टवर, बोल्ट आणि त्याखालचं लोखंड दोन्ही झाकेल असा, पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा.

"ठिपका दिसला की दुसऱ्यानं डोळं झाकून गाडी न्यायची," तो मला म्हणायचा. "ठिपका म्हंजे जबान हाय, इल्या."

चार वर्षांपूर्वी तो सकाळी पौडला तहसीलमध्ये गेला होता. जाताना मला म्हणाला, "चढाला दम लागतोय तिला. टायमिंग बघ जरा." मी बघितलं. चढासाठी म्हणून डिस्ट्रिब्युटर जरा जास्तच पुढे फिरवला. सेल्फ मारला, गाडी झकास चालू झाली. हँडल मारायचं राहिलं होतं, पण भूक लागली होती आणि आत ताट वाढलेलं होतं. मी ठिपका देऊन टाकला.

दुपारी दादा आला. मुळशी धरणाकडे एका गिऱ्हाइकाची जीप बघायला जायचं होतं. त्यानं बॉनेट उघडलं, ठिपका बघितला.

"हँडल मारलंस न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

संध्याकाळच्या आत फोन आला. धरणाच्या रस्त्यावर शेरडं चारणाऱ्या एका माणसाला दादा दिसला होता – पुढच्या चाकाला टेकून बसलेला, उजवं मनगट मोडलेलं, हँडल लांब पडलेलं. बॅटरी उतरली होती. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. मनगट पडताना मोडलं असेल, असं सगळे म्हणाले. ते कसं मोडलं ते मला माहीत होतं, आणि मनगटाच्या त्या झटक्यानंच पुढचं सगळं झालं हेही.

दुसऱ्या दिवशी गाडी आणायला मी एकटाच गेलो. बॉनेट उघडलं. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला एक नळी असते, तो फिरवला की तीही फिरते; ती बरोबर ऑइल मोजायच्या पट्टीकडे तोंड करून होती, म्हणजे हवी त्यापेक्षा चांगली दोन बोटं पुढे. मी बोल्ट ढिला केला, डिस्ट्रिब्युटर जागेवर आणला, आवळला आणि नवा ठिपका दिला. कोणी पाहिलं नाही.

आता वहिनींचं सांगतो. त्या सकाळी दादाच्या डब्यात बीपीची गोळी ठेवायची त्यांच्याकडून राहिली होती. गोळ्यांची ती पट्टी त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली ती ठेवलीच. घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "माज्या हातनं गोळी राह्यली वो, नायतर मानूस गेलं नसतं." चार वर्षं मी हे समोर बसून ऐकलं आणि चहा पीत राहिलो.

या उन्हाळ्यात माझी पुतणी सायली मागे लागली. हिंजवडीत नोकरी करते. "काका, बाबांची गाडी चालू कर ना. आईला घेऊन एकदा धरणावर जायचंय. तिला ती जागा बघायचीय."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी गाडी काढली. ठिणगीचे पॉइंट घासले, बल्ब लावून टायमिंग अगदी खुणेवर लावलं. हँडल मारलं – एकदा नाही, सहा वेळा. लोण्यासारखं फिरलं. मग ठिपका दिला. ब्रशचा एक केस रंगात चिकटून राहिला, तो तसाच राहू दिला. शेडला कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हँडल मारलं आणि ते हातातून उलटं उडालं. नशीब, अंगठा मी हँडलभोवती न गुंडाळता बाहेर ठेवला होता. बॉनेट उघडून बघतो तर नळी ऑइलच्या पट्टीकडे. बरोबर दोन बोटं पुढे. बोल्ट गच्च. वर ठिपका अखंड, आणि ठिपक्यात तो केस.

ठिपका फोडल्याशिवाय तो बोल्ट ढिला होत नाही. मी मिस्त्री आहे, मला कोण शिकवणार? तरी स्वतःची समजूत घातली, की वय झालं, काल लावायलाच चुकलो असेन. पुन्हा लावलं, पुन्हा हँडल मारलं, ठिपका दिला.

पुढच्या रविवारी सायली शेडमध्ये आली. "काका, आज मी मारते हँडल!" मी बोल्टवर नजर टाकली. ठिपका होता. नळीकडे बघायचं सुचलंच नाही. मी म्हणालो, "मार, अंगठा बाहेर ठेव."

हँडल उलटं आलं. पोरगी किंचाळून मागे पडली. मनगट बघता बघता सुजलं... उजवं मनगट. मोडलं नव्हतं, पण त्या क्षणी मला ते माहीत नव्हतं. तिचा हात धरूनच मी बॉनेटखाली बघितलं. नळी ऑइलच्या पट्टीकडेच होती. ती जागा जगात फक्त मी पाहिलेली. आणि दादानं, पाहिली असेल तर.

सायलीचा हात बांधून आणल्यावर वहिनी शेडमध्ये आल्या. "ती गाडी इकून टाका म्हनत न्हाई मी," त्या म्हणाल्या. "पन नीट करा. मी हँडल फिरवते, तुमी बल्ब बगा. ह्यांच्याबरोबर लई येळा केलंय."

हे काम दोघांचं असतं खरं. एकानं हँडल हळूहळू फिरवायचं, दुसऱ्यानं बल्ब कधी लागतो ते बघायचं. वहिनी फिरवू लागल्या आणि फिरवता फिरवता नेहमीचंच बोलल्या, "त्या दिवशी तेवडी गोळी ठिवली असती..."

बल्ब लागला. मला 'थांबा' म्हणायचं होतं. त्याऐवजी मी सगळं सांगून टाकलं. भूक लागली होती ते, ठिपका, दादाचा प्रश्न, माझं 'व्हय', दुसऱ्या दिवशी एकट्यानं फिरवलेला डिस्ट्रिब्युटर... सगळं.

वहिनींनी हँडल सोडलं. बाजूच्या टायरवर बसल्या.

"म्हंजे गोळी न्हवती."

"न्हाई, वहिनी."

"चार वर्सं माज्या हातचा च्या पिताय तुमी, भावजी."

रडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या उठून घरात गेल्या, परत आल्या आणि माझ्या काळ्या हातावर ती गोळ्यांची पट्टी ठेवली. "ही आता तुमी सांबाळा," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी मी टायमिंग एकट्यानं लावलं, हँडल मारलं, ठिपका दिला. तेव्हापासून डिस्ट्रिब्युटर केसभर हललेला नाही. रोज बघतो. सायलीचा हात बरा झाल्यावर मायलेकी धरणावर जाऊन आल्या. मला बोलावलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

सायली म्हणते, "काका, तूच झोपेत जाऊन फिरवत असशील, गिल्ट असतं असं." असेलही. पण मग ठिपका न फोडता कसा फिरवला? तो ब्रशचा केस? गावातल्या दोन मिस्त्रींना विचारलं, दोघांनी डोकं खाजवलं. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर सांगा, मी ऐकेन.

पट्टी माझ्या पान्ह्यांच्या पेटीत असते. तिच्यात एक गोळी शिल्लक आहे. वहिनी मला अजून जेवायला वाढतात, चहा मात्र मी आता स्वतः करून घेतो.