ठेसनावरून दवाखान्याला

आमच्या सासरी, चुडाव्याला, सुनेनं सासऱ्याशी बोलायचं न्हाई अशी रीत व्हती. पदर छातीपर्यंत. काही सांगायचंच असलं तर बांगड्या वाजवायच्या, मग सासरा विचारील त्याला मान हालवायची. लग्नाला तीन वर्षं झाली तरी मामंजींनी माझा आवाज ऐकला नव्हता.

निजामाच्या अमलातली गोष्ट हाय. माहेरून निरोप आला, बाप परभणीच्या सरकारी दवाखान्यात पडलाय, लेकीला एकदा बघू द्या. नवरा खळ्यावर अडकला व्हता, म्हणून मामंजी मला घेऊन निघाले. माझ्या बापाचं त्यांना काय पडलं व्हतं? मोंढ्यात, मालाच्या बाजारात, कापसाचा भाव ऐकायचा व्हता त्यांना. मला आपलं वाटलं, माणूस बरा हाय.

परभणीला रेल्वेतून उतरलो. ठेसनाबाहेरचे तांगे भरल्याबिगर हालत नव्हते. लय येळानं एक कापडवाला आला, तवा आमचा तांगा निघाला. पुढं तांगेवाला, मामंजी अन् कापडवाला. मागं पाठमोरी मी अन् कापडाची गाठोडी. वाटेत कुणी 'थांबव' म्हन्लं तर तांगा थांबायचा, न्हाई तर सीधा मोंढ्यात.

दवाखान्याचं दार आलं. दारात माझा धाकटा भाऊ उभा. ठेसनाच्या रस्त्याकडंच डोळे लावून बसलं व्हतं पोरगं. मी बांगड्या वाजवल्या. पुढं कापसाच्या गप्पा चालल्या व्हत्या. मी हात तांग्याच्या दांडीवर आपटला, दोन बांगड्या फुटल्या, मनगटातून रगत आलं. तवा मामंजींनी मान वळवली. दार बघितलं, मला बघितलं.

"कळलं," म्हन्ले. "आधी मोंढा. बाप काय पळून जायलाय का?"

कापडवाला हसला. भावानं तांग्याकडं बघितलं, पण पदराखालची बहीण त्याला कशी वळखू यावी? हाक मारली असती तर ऐकू गेली असती. एक हाक. न्हाई मारली मी. रीत मोडली तर माहेराला नावं ठेवतील, ह्याचं भ्या व्हतं. त्या भ्याला आज मी शिव्या देते.

मोंढ्यात मामंजींनी दोन अडत्यांच्या दुकानांत च्या पिला. मी उन्हात कापसाच्या गठाणीला टेकून बसले. उन्हं कलल्यावर चालत दवाखान्यात आलो. खाटेवर बाप नव्हता, दुसराच कुणी माणूस व्हता. भाऊ म्हन्ला, "आक्का, दुपारपर्यंत तुलाच इचारत व्हता, मग गेला. गाडीत घालून गावाकडं नेलंय त्याला." मामंजी म्हन्ले, "गेला तर गेला, सुटला." अन् तंबाखू मळायला लागले.

मी रडले न्हाई. त्यांच्यासमोर तर न्हाईच.

पुढं कैक वर्षांनी मामंजींच्या डोळ्यांत पडदा आला. एक डोळा गेला, दुसऱ्यानं नुसता उजेड दिसायचा. हैदराबादहून डोळ्याचा डॉक्टर त्याच दवाखान्यात यायचा व्हता, एकच दिवस, दुपारपर्यंत. गावातल्या जाणत्याचं म्हणणं, आता न्हाई दाखवलं तर हाही डोळा गेला. नवरा तापानं फणफणलेला. मग मीच त्यांना घेऊन निघाले.

तेच ठेसन, तसलाच तांगा. ते पुढं, मी मागं. बसताना म्हन्ले, "पोरी, मला दिसत न्हाई. तांगेवाल्याच्या ध्यानात ऱ्हाईल न ऱ्हाईल. दवाखान्याचं दार आलं की बांगड्या वाजव. मी थांबव म्हणतो." लग्नाला इतकी वर्षं झाली, अन् त्या माणसानं मला पहिल्यांदा पोरी म्हन्लं.

दार आलं. मी दोन्ही मनगटं मांड्यांत घट्ट दाबून धरली. पाठमोरी बसून मी ते दार लहान लहान होताना बघितलं. माझा भाऊ उभा व्हता तो खांब तसाच व्हता.

मोंढ्यात तांगा थांबला तवा मामंजींना बैलांचा अन् हमालांचा गलका ऐकू आला. त्यांचं तोंड उतरलं. आता त्यांना तेवढं चालवत नव्हतं, अन् परत फिरायला दुसरा तांगा भरेपर्यंत दुपार टळली. डॉक्टर गेला व्हता.

डोळा गेलाच. मरेपर्यंत त्यांचा हात धरून वसरीवरून अंगणात मीच नेत व्हते. एकदा अंगणात थांबून हळूच म्हन्ले, "त्या दिवशी बांगड्या का गं न्हाई वाजवल्या?"

मी त्यांना हाताला धरून पुढं नेलं. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नसतं.