उलटा टांगलेला कॉड

योर्डिस,

तुझ्या आठवणी मी लिहून काढायच्या असं ठरलं होतं. त्या एका माशापाशी अडल्या आहेत. मी हेरगिरी म्हटलं की तू फणकारायचीस, "हेर कसली गं? मासे वाळवत होते मी!"

युद्धात जर्मन आपल्या किनाऱ्यावर आले आणि तुझा नवरा एलिंग बिनतारी यंत्र घेऊन वर डोंगराच्या कपारीत जाऊन बसला. सोबत दोघे. जर्मन जहाजं मोजायची, सीमेपलीकडे रशियनांना कळवायचं. शिधा न्यायला उतरण्याआधी ते दुर्बिणीतून तुझा मासे वाळवायचा मांडव बघत. आपल्याकडे कॉड टांगतात तो शेपटी वर बांधून. एक जरी शेपटी खाली दिसली, तर उतरायचं नाही. जर्मनांना त्यातलं काय कळणार होतं!

एप्रिलात झडती सुरू झाली. तू मासा उलटा टांगून आत आलीस, तर मागोमाग एक जर्मन शिपाई येऊन स्वयंपाकघरात ठाण मांडून बसला. खिडकीतून तुला माझी आई दिसली, तुझ्या मांडवाखाली उभी. वाकडं टांगलेलं त्या बाईला उभ्या जन्मात बघवलं नाही. तिने तो मासा सोडला, नीट बांधला आणि दारातून डोकावली.

"काय गं, सासूने मासे टांगायलाही नाही का शिकवलं? गावभर हसं होईल तुझं."

"चुकलंच हं, पेट्राकाकू."

शिपायासमोर आणखी काय बोलणार? तो तुला दाराबाहेर पाऊल टाकू देत नव्हता. संध्याकाळी एलिंग आणि त्याचा एक सोबती उतरले. गोळ्यांचा आवाज तू चुलीपाशी ऐकलास.

युद्ध संपल्यावर कपारीत उरलेल्या तिसऱ्याने शपथेवर सांगितलं, मासे सगळे सरळ होते. गावाने तुला विचारलं. "विसरले," तू म्हणालीस. मग प्रार्थनाघरात तुझ्या बाकावर कोणी बसेना. तुला वाळीत टाकण्यात सगळ्यांत पुढे माझी आई. "नवऱ्याला खाल्लंन हिने," तुला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची.

तिला पुरून आलो त्या दिवशी तू मला खरं सांगितलंस. मी भडकले.

"इतकी वर्षं गप्प बसलीस? तिच्या तोंडावर फेकायचं होतंस!"

"ती जगली नसती गं."

"आता मेलीच आहे ना? आता तरी लिहू दे!"

"मास्तरीणबाई, 'विसरले' असं लिहा."

आज तुझं न ऐकता लिहिते आहे. उपयोग शून्य. तुला वाळीत टाकणारे सगळे आता जमिनीखाली आहेत, आणि त्यांच्या नातवंडांना तुझं नावही ठाऊक नाही.

शेवटच्या शरदात तू एकच काम सांगितलंस. दफनभूमीच्या बेटावर जाऊन पाद्रीला विचारायचं, एलिंगशेजारची जागा तुला मिळेल का. कारण मात्र सांगायचं नाही. मी म्हटलं, "कारण न सांगता तो देईल कशाला?" तू म्हणालीस, "विचारून तर बघ."

वादळ लागलं. बोट बंद. ती पुन्हा सुटली तेव्हा मी तिच्यात बसले होते आणि तुझी शवपेटी मागे दोरांनी बांधलेली होती. धक्क्यावर पाद्री उभाच होता. खड्डा खणून झालाय म्हणाला, एलिंगपासून दूर, पलीकडे, भिंतीच्या कडेला. जमीन गोठायच्या आत उरकायला हवं होतं.

विचारायचं राहिलं.