पिशवीच्या तळाची चिठ्ठी

शिरूरच्या डॉक्टरांनी आमच्या ह्यांची नाडी धरली, घड्याळाकडं बघितलं, परत धरली. मग छातीच्या ठोक्यांची ईसीजीची कागदी पट्टी काढून म्हणाले, "बाबा, ठोके फार कमी पडतायत. पुण्याला जा. छातीत ठोके वाढवायचं मशीन बसवायचं का, ते तिथले ठरवतील." मला विचारलं, "कसल्या गोळ्या चालू हायेत का ह्यांना?"

मी म्हणाले, "न्हाई." ह्यांना कुठल्या डॉक्टरनं गोळी दिलीच नव्हती, मग खोटं काय बोलले मी?

त्यांनी इंग्रजीत चिठ्ठी लिहिली आणि पाकीट चिकटवून टाकलं. ते चिकटवणं मला खटकलं. एकोणीसशे नव्वद सालानंतरची ही गोष्ट. पुण्याला पेशंट पाठवला की पाठवणाऱ्याला वाटा मिळतो, असं आमच्या गावात, निमोण्यात, जो तो सांगायचा. हे दोनदा बांधावर चक्कर येऊन पडले होते, ते खरं. पण उपाशीपोटी होते, अशी मी माझी समजूत घातली.

चिठ्ठी पिशवीच्या तळाशी घातली आणि ह्यांना घेऊन दौंडला लेकीकडं निघाले. एसटीत बजावलं, "तिथल्या डॉक्टरपुढं शिरूरचं नाव काढू नका. बघू तो काय म्हणतोय."

"परीक्षा माझी हाय का त्याची?" हे म्हणाले.

दौंडच्या डॉक्टरांनीही पट्टी काढली आणि तेच पुणं, तेच मशीन. मनात म्हटलं, झालं, दोघं एकाच माळेचे मणी. त्यांनीही गोळ्यांचं विचारलं, मी परत "न्हाई" म्हणाले. तेवढ्यात हे सदऱ्याची बटणं लावता लावता बोलले, "तुझी अर्धी खातोय की मी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कुणाची अर्धी?"

माझी ब्लडप्रेशरची गोळी हो. ह्यांचं डोकं दुखायला लागल्यापासून मी रोज चहाबरोबर अर्धी मोडून द्यायची. एका चुलीवर दोघांची भाकरी वेगळी थापत नाही, तर गोळी वेगळी कशाला? मी पिशवीतनं गोळ्यांचं पाकीट काढून दिलं, ते डॉक्टरांनी बघितलं. "मावशी, ह्या गोळीनं ठोके कमी होतात. ही बंद. बाबांना इथंच खाटेवर ठेवतो. ठोके वर आले तर मशीन नको. न्हाई आले तर लगेच पुण्याला."

तीन दिवस मी खाटेशी बसून होते. आता नाडी माझ्याच बोटाखाली, आणि संशयही माझाच मला. माणूस जायचा होता माझ्या हातनं.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी जुनी आणि नवी पट्टी शेजारी शेजारी ठेवून दाखवली. "मशीन नको. पण परत चक्कर आली तर थांबू नका."

"नक्की ना?" मी विचारलंच.

लेकीच्या घरी आल्यावर तिला म्हटलं, फोड ती चिठ्ठी, बघ कमिशनचं काय लिहिलंय.

तिनं वाचलं. दोनदा चक्कर, ठोके कमी, 'गोळ्या चालू नाहीत असं पत्नी सांगतात.'

"कमिशनचं?"

"न्हाई आये, तूच हाईस ह्यात."

पुढं शिरूरला जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. रागावले नाहीत. पण तेव्हापासून ते मला गोळ्या विचारत नाहीत, पिशवीच टेबलावर उपडी करायला लावतात. मी करते. मात्र त्यांनी आमच्यासाठी दुसऱ्या डॉक्टरला चिठ्ठी लिहिली, तर पाकीट चिकटवू देत नाही. लेकीकडनं आधी वाचून घेते.