नानांची पाठवणीची चाल

बँडवाल्यांचा निम्मा जन्म नवरदेवाची वाट बघण्यात जातो, म्हणून आमच्याकडे किस्से साचतात. त्यातले बरेचसे आमच्या सनईवाल्या नानांच्या संशयाचे. मुलीच्या पाठवणीची एक जुनी खान्देशी चाल त्यांना वडिलांकडून मिळाली. ती त्यांनी कोणालाच शिकवली नाही, कारण त्यांच्या मते सगळं जगच चोर, "बठ्ठा चोर शेतस!"

*

पाठवणीला नाना भिंतीकडे तोंड करून वाजवायचे. पारोळ्यात फोटोग्राफर वैतागला, "नाना, व्हिडिओत नुसती पाठ येतेय!"

"येऊ दे! बोटं दखाई गयात का चाल गई!"

*

सगळ्यात जास्त संशय आमच्या कीबोर्डवाल्या संतोषवर. एकदा त्याच्या कानात इअरफोन दिसला. गडी रेकॉर्डिंग करतोय म्हणून नानांनी तो ओढून स्वतःच्या कानात घातला. पलीकडून संतोषची बायको, "येताना कोथिंबीर आणा!"

संध्याकाळी जुडी खरंच आली का, हे बघायला नाना त्याच्या घरी गेले!

*

जळगावहून एक साहेब जुन्या चाली रेकॉर्ड करायला आले. नानांनी पाठवणीची म्हणून पंगतीला बोलावतानाची चाल सावकाश वाजवली. साहेबांचे डोळे भरून आले!

"नाना, फसवलंत की!" मी म्हणालो.

"हाई बी जुनीच शे!"

*

नाना घरी रियाज करायचे तेव्हा दाराला कडी, खिडकीत गोधडी. मुलगी संगीतासुद्धा बाहेर. आत फक्त अक्का, म्हणजे नानांची बायको, भाकरी थापत.

मी ढोल वाजवतो, तरी त्या चालीला दरवेळी ढोल बाजूला ठेवून ऐकतो. ती नानांबरोबरच जाणार, याची मला खरंच भीती वाटायची. एकदा न राहवून विचारलं, "नाना, तुमच्यामागे कोण वाजवणार?"

"चोर!"

*

मग संगीताचं लग्न झालं. पाठवणीला नानांनी सनई लावली, पहिली ओळ वाजली आणि दम तुटला. पुन्हा फुंकली, तर नुसती हवा. नानांनी भरल्या डोळ्यांनी संतोषकडे पाहिलं.

संतोषने दोन्ही हात वर केले. "आईशप्पथ नाना, मला नाही येत!"

तेवढ्यात गाडीपाशी लेकीला धरून उभ्या असलेल्या अक्कांनी गुणगुणत दुसरी ओळ उचलली. मग तिसरी. एकही वळण चुकलं नाही.

नानांनी सनई खाली करून अक्कांकडे बोट दाखवलं. म्हणाले,

"इतला वरीस दार लायीसन या चोरले मी घरमाच कोंडं!"