मेंढी थकेपर्यंत

आमच्या खाडीत शेवटी दोनच घरं मेंढ्या पाळणारी उरली. टोकाला, कड्याच्या पायथ्याशी, हर्डिसचं आणि ओढ्यापलीकडे केटिलचं. मी बंद पडलेल्या शाळेत राहायचे. पण माझ्याकडे मेंढ्या नसल्यामुळे खाडीत माणसं किती, असं कोणी विचारलं तर उत्तरात माझी गणती नसे.

हर्डिस माझी विद्यार्थिनी. उंच, हाडं मोठी, हात मात्र अगदी हलका. वर्गात फाटकी पाटीपिशवी कोणाचीही असो, शिवायला तिच्याकडे यायची. शाळा संपल्यावर ती डोंगरापलीकडच्या शहरात एका शिवणघरात शिकायला गेली. एक हिवाळा राहिली. वसंतात तिचा बाप बर्फावर घसरून पडला, खुब्याचं हाड मोडलं. मालवाहू बोटीच्या कप्तानाकरवी निरोप गेला, की मेंढ्यांची वीण उरकेपर्यंत ये. ती आली.

मेंढ्या व्याल्या, तर गवत कापायला आलं. गवत कोठारात गेलं, तर डोंगरावरच्या मेंढ्या हाकून आणायची वेळ झाली. त्या आणून कत्तलीच्या तेवढ्या पाठवल्या, तोवर घाटात बर्फ साचलं. आमच्याकडच्या वर्षाला फटच नसते; दार शोधायला जावं तर नुसती भिंत हाती लागते. पुढे बाप गेला, आई गेली, आणि हर्डिस दर वर्षी म्हणत राहिली, ‘मेंढ्या व्याल्या की जाते.’ कोणी निघायला उशीर लावला की खाडीतले लोक म्हणत, ‘हा हर्डिससारखा निघालाय.’ ती स्वतःही हसायची.

खरी अडचण वेगळी होती आणि ती कोणी बोलत नसे. आमचा डोंगर एकट्याने हाकता येत नाही. एक माणूस वरच्या अंगाने लागतो, एक समुद्राच्या अंगाने. ती गेली की केटिलचं घरही बंद पडणार, हे ओढ्याच्या दोन्ही काठांना ठाऊक होतं. केटिल पन्नाशी ओलांडलेला, एकटा, जाडजूड, बोलायला कंजूष. नजर मात्र ससाण्याची. खाडीच्या पलीकडल्या तीरावरची मेंढी कोणाची ते तो सांगायचा.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता शहरातून इंगिगेर्डचा, हर्डिसच्या शिवणघरातल्या जुन्या सोबतिणीचा, फोन आला. शिवणघर आता इंगिगेर्डच्या मालकीचं झालं होतं. कापड बेतायला माणूस हवं होतं. ‘घाटात बर्फ पडेपर्यंत तुझी जागा धरते,’ ती म्हणाली. ‘त्यानंतर दक्षिणेकडची एक मुलगी यायला तयार आहे.’

हर्डिसने हे केटिलला माझ्याच टेबलाशी सांगितलं. आम्ही कॉफी पीत होतो.

“यंदा मी जाते,” ती म्हणाली. “मेंढ्या खाली आणल्या की लगेच.”

केटिलने राय धान्याची भाकरी कॉफीत बुडवली. “बरं,” म्हणाला. भाकरी तुटून कपात पडली ती चमच्याने काढत बसला.

मेंढ्या आणल्या. एक तपकिरी मेंढी कमी पडली; दोन्ही कळप मिसळलेले, त्यामुळे कोणाची ते कळेना. दुसऱ्या दिवशी केटिल होडी घेऊन कड्याखालून फिरून आला आणि म्हणाला, “लाल पट्ट्यावर आहे. अडकली.”

आमचा कडा म्हणजे एकावर एक रचलेले लाव्हाचे थर. दोन थरांच्या मधे लाल मातीचा पट्टा असतो. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तिथे कधीतरी गवत उगवलेलं होतं. दगड टिकतो, लाल माती झिजते, आणि तिथे अरुंद कंगोरे तयार होतात. उन्हाळाभर त्यांच्यावर समुद्रपक्षी दाटीवाटीने बसतात, त्यांच्या विष्ठेवर गवत असं माजतं की वरून बघणाऱ्या मेंढीला राहवत नाही. ती उडी मारून खाली उतरते. मग वर चढता येत नाही, खाली समुद्र. अशा जागेला आमच्याकडे एक शब्द आहे, त्याचा अर्थ ‘आपल्याच पायांनी येऊन अडकण्याची जागा’.

“कोणाची आहे?” हर्डिसने विचारलं.

“तुझी. डाव्या कानाचा शेंडा कापलेला दिसला.”

प्रत्येक घराची कानावरची खूण वेगळी. हर्डिसच्या मेंढ्यांचा शेंडा छाटलेला, केटिलच्यांचा कान मधोमध चिरलेला. हर्डिसला लांबचं नीट दिसत नसे. केटिलच्या डोळ्यांवर शंका घ्यायची कोणाला कधी गरजच पडली नव्हती.

अडकलेली मेंढी लगेच काढायची नसते. अंगात जोर असेपर्यंत ती माणसाला बघून बिथरते आणि सरळ समुद्रात उडी घेते. म्हणून थांबायचं. ती कंगोऱ्यावरचं गवत संपवते, मग मुळं खाते, मग खाली बसते. उठायचं त्राण राहिलं नाही की दोर लावून उतरायचं. तेव्हा ती गुपचूप हाती येते. हे क्रूर वाटतं, पण दुसरा उपाय नाही.

“तू जा की,” मी हर्डिसला म्हटलं. “केटिल बघेल तिचं.”

“कोण, हा? याला दोरावर सोडायचं तर दोन बैल लागतील,” ती म्हणाली. लहानपणापासून वसंतात अंडी काढायला कड्यावरून तीच उतरायची. शिवाय आपल्या खुणेची मेंढी कड्यावर उपाशी टाकून जो निघून जातो, तो कुठेही गेला तरी त्याच्या आधी ती गोष्ट तिथे पोचलेली असते.

तिची पेटी दाराशी भरून ठेवलेली होती. रोज सकाळी ती काळ्या वाळूवरून, वाहून आलेल्या ओंडक्यांमधून वाट काढत कड्याखाली जाई आणि बापाच्या धूसर झालेल्या दुर्बिणीतून बघे. मेंढी खातेय. पुन्हा दुसऱ्या दिवशी, मेंढी खातेय. पक्षी केव्हाच समुद्रावर निघून गेले होते. उन्हाळ्यात जिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे आता फक्त लाटा. डोंगरावरची बर्फाची रेघ एकेक थर खाली उतरत होती.

इंगिगेर्डचा पुन्हा फोन आला. खाडीत फोनची तार एकच, कोणाचाही फोन आला तरी सगळ्यांना ऐकता येई, त्यामुळे मी ऐकलं.

“कुठवर आलीस?”

“एक मेंढी अडकलीय गं.”

“तुझी कायम एक मेंढी अडकलेलीच असते, बाई.”

मग एका सकाळी घाट पांढरा दिसला. त्या दिवशी हर्डिसने फोन केला नाही, आणि तिलाही कोणी केला नाही. संध्याकाळी ती मला एवढंच म्हणाली, “धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झालीय माझी. आणि चावणारी एक मेंढी.”

त्यानंतर मेंढी बसली. आम्ही तिघं कड्यावर गेलो. अंडी काढायच्या दिवसांसाठी ठोकलेला लोखंडी खांब तिथे होताच. केटिलने दोर त्याला वेढून आपल्या घोडीला बांधला. तो मागे, घोडीजवळ. तिथून त्याला काठाखालचं ना दिसे ना ऐकू येई. मी काठावर पालथी पडले. माझं काम खालचं वर आणि वरचं खाली सांगायचं.

हर्डिस उतरली. ओल्या लाल मातीवरून पाय घसरत होते, पण तिने तोल सांभाळला. मेंढीने मान वळवून पाहिलं, उठली नाही. हर्डिसने तिच्या पाठीवर हात ठेवला, मग डोकं आपल्याकडे वळवलं. आणि तशीच बसून राहिली.

“काय झालं?” मी विचारलं.

“थुरीद, त्याला विचार, ही कोणाची आहे.”

मी मागे ओरडले. केटिल तसाच उभा. घोडीचा लगाम हातात, नजर जमिनीकडे.

“बोलत नाही,” मी खाली सांगितलं.

“त्याला सांग, कान चिरलेला आहे. शेंडा जागच्या जागी आहे.”

मी सांगितलं.

“माहीत आहे,” केटिल म्हणाला.

“म्हणतो, माहीत आहे.”

“कधीपासून?”

“कधीपासून म्हणे.”

“होडीतून बघितली तेव्हापासून.”

हेही मी खाली पोचवलं. ज्याच्याशी ती भांडत होती त्याच्याच घोडीच्या दोराला ती बांधलेली होती, आणि शब्द सगळे माझे. हर्डिसने मेंढीला जाळ्यात घातलं, गाठ मारली, आणि म्हणाली, “सांग त्याला, ओढ म्हणावं. आधी ही त्याची मेंढीबाई, मग मी.”

वर आल्यावर तिने कमरेचा दोर सोडला. मेंढी आडवी पडली होती. थोड्या वेळाने धडपडत उठली आणि चरायला लागली.

“थांब म्हणायचंस ना सरळ,” हर्डिस म्हणाली.

केटिल दोर गुंडाळत होता. “म्हटलं असतं तर थांबली असतीस.”

“थांबलेच असते.”

“कायमची.”

“कायमची.”

“म्हणून नाही म्हटलं.” त्याने गुंडाळी खांबावर अडकवली. “चार दिवस हवे होते फक्त. सवय करायला. बर्फ इतक्या लवकर पडेल असं वाटलं नव्हतं.”

हर्डिसने ओला हातमोजा त्याच्या छातीवर फेकून मारला. “तुझ्या चार दिवसांत माझी जागा गेली, गाढवा!”

त्याने तो हातमोजा उचलला, पिळला आणि तिला परत दिला. तिघंही खाली उतरलो.

कत्तलखान्याचा ट्रक चाकांना साखळ्या लावून घाट उतरून आला. हर्डिसने आपल्या मेंढ्या चढवायला सुरुवात केली. कोकरं चढवली, मग माद्या, मग मेंढेसुद्धा.

“अगं, हिवाळ्यात ठेवायच्या कुठल्या?” ड्रायव्हरने विचारलं.

“एकही नाही.”

ड्रायव्हरने केटिलकडे पाहिलं. केटिल एका हट्टी मेंढीला मागून रेटत होता. हर्डिसचीच मेंढी होती ती.

“शिवणघर तर गेलं,” मी तिला बाजूला घेऊन म्हटलं. “कुठे जाणार आहेस?”

“हा ट्रक जातो तिथे. या दिवसांत कत्तलखान्यात माणसं कमीच पडतात. पुढचं पुढे बघू, थुरीद. इथे बसून पुढचं बघता येत नाही एवढं मला कळलंय.” तिने मला मिठी मारली. तिच्या स्वेटरला मेंढ्यांचा वास होता. पेटी पुढे घेऊन ती ड्रायव्हरशेजारी बसली.

इंजिन सुरू झालं. ट्रक हललासुद्धा. तेवढ्यात केटिल धावत आला. त्याला धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. काचेवर थाप मारून तो ओरडला, “थांब!”

ट्रक थांबला. हर्डिसने काच खाली केली नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मागे मेंढ्या ओरडत होत्या. मला वाटलं, आता ती उतरते.

केटिलने दार उघडलं. तिच्या कोटाचं टोक फटीत अडकलं होतं, ते आत सारलं, आणि दार जोरात लावलं.

“आता जा,” तो म्हणाला.