चिंचगोळीतलं मीठ

किस्से काही कोणी जमवायला बसत नाही. नड्ड्यांच्या पोत्याच्या तळाशी चुरा साचतो, तसे ते आपोआप साचतात. विकता येत नाहीत अन् फेकवतही नाहीत. परवा अंगणवाडीच्या मीटिंगमध्ये चहा यायला उशीर झाला, म्हणून मी एक सांगितला. मग दुसरा. मग चहा आला, निवला, पण बाया काही उठेनात! एक मदतनीस म्हणाली, "ताई, लिहून काढा वो हे सारं, नाहीतर तुमच्यासंगच जाईल." म्हटलं, बाई गं, इतक्या लवकर कायले पाठवतेस मले!

तर लिहिते. मी अंगणवाडी सेविका, म्हणून माझी भाषा अर्धी पुस्तकी अन् अर्धी झाडीपट्टीची. दोन्ही चालवून घ्या. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, करडी गावाच्या बाजूला, चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. माझा नवरा वसंता शाळेसमोर ठेला लावतो. समोर त्याचं नाव मी घेत नाही, "ऐका ना वो" म्हणते, पण कागदावर घेतलं तर चालते.

ठेल्यावर काय असते? नड्डे, म्हणजे त्या पिवळ्या तळलेल्या नळ्या, बोटांत घालून खायच्या. सुकी बोरं कुटून केलेलं बोरकूट, फुटाणे, गुळाची चिक्की, लिमलेटच्या गोळ्या. अन् घरी वळलेली चिंचगोळी. चिंच, गूळ, मीठ, तिखट, जिरं कुटून काडीवर लावलेली. ठेला माझ्या सासऱ्यानं सुरू केला. आज जे पोट्टे रांगेत उभे राहतात, त्यांच्या मायबापांनीही इथंच रांग लावली होती. आता कुठल्या कुठल्या रंगीत पुड्या आल्या, पण आमची रांग काही तुटली नाही. देवाची म्हणा का माणसांची म्हणा, कृपा आहे.

*

सासऱ्यानं ठेल्यावर टिनाची पाटी लावली होती: "संपूर्ण भंडारा जिल्ह्यात प्रसिद्ध." खरं सांगायचं तर आजूबाजूच्या दोन-चार गावांपलीकडे त्यांना कुत्रंही ओळखत नव्हतं. पण माणसाला हौस असते.

मग भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. रेडिओवर बातमी ऐकली अन् सासरे तोंड पाडून घरी आले. जेवले नाहीत. सासूनं विचारलं, "कायले उपाशी बसले?"

"अवं, आपली प्रसिद्धी अर्धी झाली ना!"

दुसऱ्या दिवशी कुठून तरी रंग आणला अन् पाटीवर खाली स्वतःच्या हातानं लिहिलं: "व गोंदिया." कोणीतरी छेडलं, "काय गा, गोंदियात तुले वळखते कोण?"

सासरे ताडकन म्हणाले, "माही सख्खी बहीण रायते तिकडे!"

*

गावचा एक भाचा आता नागपुरात कंपनीत मोठा साहेब आहे. त्याच्या बापाची नोकरी जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात होती, क्वार्टरात वाढला, पण सुट्ट्या लागल्या का आजोळी आमच्याकडे. एकदा कार घेऊन आला, कोट-टायसकट. नड्डे घेतले अन् दहाच्या दहा बोटांत घातले! चाळीशीचा माणूस! वाजवून दाखवले, पोरांना हसवलं.

तेवढ्यात फोन वाजला. त्याच्या मोठ्या साहेबाचा! आता फोन धरायचा कसा? एकही बोट मोकळं नाही. वसंतानं त्याच्या खिशातून फोन काढला अन् त्याच्या कानाला लावला.

"यस सर... हो सर, साइटवरच आहे सर..." अन् घाईघाईत एक बोट मोकळं करायला त्यानं नड्डा तोंडात घातला. कर्रर्र!

 पलीकडून आवाज आला, वसंतालाही ऐकू गेला, "काय हो, नड्डे खाऊन राहिले का? मी पण भंडाऱ्याकडचाच, तुमसरचा आहे. माझ्यासाठी पण आणा!"

त्या दिवशी पोतं अर्धं रिकामं झालं.

*

आमच्या गल्लीतली वंदना पुण्याला दिली. दिवस गेले अन् तिला डोहाळे लागले बोरकुटाचे. पुण्यात काय मिळत नाही? पण पोरगी म्हणे, वसंताकाकाचंच पाहिजे! वसंतानं डबा भरून पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ दिला.

डबा पोचला. अर्धा!

वंदनानं तक्रार करायच्या आधी ड्रायव्हरचाच वसंताला फोन. "भाऊ, खोटं नाही बोलत. रस्ता लांब होता, झोप येऊन राहिली होती, एक चिमूट टाकलं तोंडात. मंग थांबताच नाही आलं. पुढच्या बारीले दोन डबे देत जा. एक ताईचा, एक माहा."

तेव्हापासून दोन डबे जातात. अन् वंदनाला मुलगी झाली तेव्हा पहिला फोन आला ठेल्यावर, माहेरी नंतर. तिची माय आठ दिवस माझ्याशी बोलली नाही! पण मला त्या फोनचं जे सुख झालं ना, ते सांगता येत नाही.

*

आता जरा दमानं घ्या, कारण पुढचे किस्से एकाच गोष्टीतले आहेत.

कोरोनाच्या साथीत वसंताला ताप आला. वाचला, हेच नशीब. आम्ही बुद्धविहारात जाऊन मेणबत्ती लावली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना खीर वाटली. एक दिवस दुपारी जेवायला वाढलं. मिरचीचा ठेचा भाकरीच्या कडेला ठेवला, अन् वसंता तो भाजीसारखा खाऊन मोकळा झाला! ना हायहुई, ना पाणी. मी त्याच्याकडे पाहत बसले.

"काय वो, तिखट नाही लागलं?"

"काहीच नाही लागत," तो म्हणाला. "ताप गेला, अन् चव संग घेऊन गेला. कोणाले सांगू नको."

डॉक्टर म्हणाले, येईल, पण कधी ते सांगता येत नाही. आता तुम्हीच सांगा, ज्याचं पोट जिभेवर चालते, त्याची जीभच गेली तर? सासऱ्याची रीत होती, कालवलेल्या चिंचेला जीभ लावल्याशिवाय गोळी वळायची नाही. घरात चमचा-माप कधी नव्हतंच. मीठ किती? तर जीभ म्हणेल तेवढं! वसंता तेच शिकला होता.

शाळा पुन्हा उघडल्या. वसंतानं चिंच कालवली, जीभ लावली, मीठ टाकलं. पुन्हा जीभ, पुन्हा मीठ. मग वाटी माझ्यापुढे धरली. "तू सांग. बिघडली असन तर आजच ठेला बंद करतो. बाबाच्या पाटीखाली बेचव माल इकणार नाही."

मी चाटलं. बापा रे! समुद्र! डोळ्यात पाणी आलं. अन् तो माझ्या तोंडाकडे पाहत उभा, परीक्षेचा निकाल लागणार असल्यासारखा.

म्हटलं, "मस्त!"

*

पहिल्या दिवशी चौथीतल्या एका पोरीनं गोळी तोंडात घातली अन् तिचं तोंड असं झालं! "काका, हे तर खा..."

मी मूठभर नड्डे तिच्या हातात कोंबले. "खा बेटा, खा, फुकट आहेत!"

पण माझ्या "मस्त"पायी तेवढंच मीठ रोजचं माप झालं होतं, रोज किती पोट्ट्यांचं तोंड बंद करणार? शेवटी शाळेतल्या मेश्राम गुरुजींना सारं सांगितलं. गुरुजी शिस्तीचे, हसणं त्यांना ठाऊकच नाही. ऐकून घेतलं अन् म्हणाले, "बरं. जय भीम." बस्स!

दुसऱ्या दिवशी परिपाठात त्यांनी सुविचार झाल्यावर आणखी एक वाक्य जोडलं म्हणे. "वसंताकाकांचा ताप गेला, पण चव अजून परत आली नाही. ती येईपर्यंत त्यांच्या गोळीले कोणी खारट म्हणायचं नाही. घरी सांगा. मोठ्यांनीही म्हणायचं नाही."

अन् खरंच, गावात एक माणूस बोलला नाही. मी म्हणते, गाव असावं तर असं!

*

मधल्या सुट्टीत पोट्टे आधी गोळी घ्यायचे, मग पळत हातपंपावर. तिथं ही रांग! वसंता म्हणाला, "आजकाल पोट्टे पाणी लय पितात."

गुरुजी मान न हलवता म्हणाले, "आरोग्य शिक्षणाचा तास चांगला झाला."

*

ठेल्याच्या बाजूला धुरपताबाई बसते, तलावातले शिंगाडे उकडून विकते. जीभ अशी, का शिंगाड्याचा काटा बरा! मला भीती होती ती हिचीच. एक दिवस ती वसंताला म्हणाली, "वसंता, तुह्या गोळीनं माहं भलं केलं."

"ते कसं वो, बाई?"

मी नड्ड्यांच्या पोत्यात हात घातला.

"लोक तुही गोळी खाते, मंग त्यायले शिंगाडाच गोड लागते." अन् माझ्याकडे पाहून डोळा मारला म्हातारीनं!

बायांनी तर कमालच केली. गोळी टाकून द्यायची नाही अन् तोंडात धरवत नाही. मग एकीनं ती वरणात टाकली. वरण फक्कड झालं! मग घरोघरी तेच. एकजण तर भर ठेल्यावर वसंताला बोलून गेली, "दोन गोळ्या द्या भाऊ, आज पाहुणे आहेत!"

वसंता कौतुकानं मला म्हणाला, "आता लोक पाहुण्यायलेही माही गोळी देऊन राहिले."

मी तिकडं तोंड करून हसले, अन् मग तिकडंच तोंड करून रडलेही. कोणाचे कोण हे लोक, अन् आमच्या घरासाठी रोज मीठ गिळत होते.

*

पण वसंता काही खुळा नाही. दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या तेव्हा एक दिवस तो म्हणाला, "सारे मस्त म्हणते. एकही माणूस नाव ठेवत नाही. बाबाच्या गोळीले लोक नावं ठेवायचे. आज आंबट आहे, आज गूळ कमी आहे, म्हणत. माह्या गोळीले कोणीच काही म्हणत नाही, म्हणजे काहीतरी आहे."

"काही नाही वो!"

"मले समजते. शाळेले सुट्ट्या लागल्या का ठेला मोडतो. दुसऱ्याच्या बांधीवर धान कापाले जाईन."

दोन पिढ्यांचं तोंड गोड-आंबट करणारा ठेला! मी किती समजावलं, पण त्याचं ठरलं होतं. मग मी जाऊन गुरुजींना सांगितलं. ते चष्मा काढून पुसत बसले. धुरपताबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तो गेला तर शिंगाडे मी काय दगडासंग बसून इकू?" अन् पदरानं नाक पुसलं.

सुट्टीच्या आधीचा शेवटचा दिवस. मी मुद्दाम अंगणवाडीतून लवकर ठेल्यावर आले. मधली सुट्टी झाली. अख्खी शाळा रांगेत, गुरुजीही सगळ्यात मागं उभे. कोणी ढकलाढकल करत नव्हतं. वसंता खाली मान घालून गोळ्या देत होता.

एक गोळी काडीवरून निसटली. निसटलेली गोळी पोराला द्यायची नाही, स्वतः खायची, ही त्याची जुनी सवय. त्यानं ती तोंडात टाकली अन् पुढची काडी उचलली.

काडी हातातच राहिली. त्यानं डोळे मिटले, तोंड वाकडं केलं.

"थू! थू! अबे, कोन्या गाढवानं एवढं मीठ टाकलं यात?"

 धुरपताबाईच्या हातातला शिंगाडा टोपलीत पडला. 

गुरुजी रांग सोडून पुढं आले. "वसंता, काय म्हणला? पुन्हा म्हण."

"गुरुजी, हे खारट आहे! भयंकर खारट आहे!"

गुरुजी वळले, पोरांकडे पाहिलं अन् आयुष्यात पहिल्यांदा आम्हाला त्यांचे दात दिसले. म्हणाले, "मुलांनो, आता म्हणा!"

अन् अख्खी शाळा एका दमात बोंबलली, "खारट आहे, काका! खाऽऽरट! खाऽऽरट!" पहिलीची पोरं उड्या मारत, सातवीच्या पोरी हात धरून, धुरपताबाई टोपली वाजवत! रस्त्यावरची बैलगाडी थांबली. मी तिथंच खाली बसले अन् पदरात तोंड घालून रडले, हसले, काय केलं ते माझं मलाच ठाऊक नाही.

वसंता मधोमध उभा, दोन्ही गालांवरून पाणी, काडी तशीच हातात. "अरे, मंग इतके दिवस खाऊन कायले राहिले होते रे?"

  रांग पुन्हा सरळ झाली, अन् पुढं उभ्या असलेल्या पोरीनं हात पसरला.

"काका, मले दोन द्या."