अनंताच्या कुंडीतलं पाणी

सकाळी पाच पन्नासला तिने अनंताची कुंडी ओट्यावर आडवी केली, काठावर तळहात मारला आणि बुंध्याला धरून झाड मातीसकट बाहेर ओढलं. खाली अंथरलेलं वर्तमानपत्र लगेच ओलं झालं.

ऑफिसांना भाड्याने झाडं पुरवणाऱ्या कंपनीत ती बरीच वर्षं आहे. झाडांची पानं पुसायची, वाळकं छाटायचं, पाणी घालायचं. त्यावरून नवरा तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतो. म्हणजे, म्हणायचा. सासूबाई नणंदेकडे राहायला गेल्या, तेव्हापासून दोघांत कामापुरतंच बोलणं होतं.

निमित्त तिचंच एक वाक्य होतं. झाडाला जपता तेवढं माणसांना जपलं असतंत तर, असं ती बोलून गेली. सासूबाई भांडल्या नाहीत. कपडे भरले, अनंत खिडकीत ठेवला आणि गेल्या. झाड इथे आहे तोवर त्या परत येतील, हे दोघांनीही मनात धरलं होतं, एकमेकांना न सांगता. काल संध्याकाळी नणंदेचा फोन आला: उद्या नको, परवा सकाळी आठला गाडी पाठवते, आईला तिची कुंडी हवी आहे.

परवा म्हणजे आता उद्या. आणि झाडाचा शेंडा पिवळा पडला होता.

जुनी पानं हिरवीगार, नवी तेवढी पिवळी, त्यांच्या शिरा मात्र हिरव्या. हे लक्षण ती झोपेतही ओळखेल: झाडाला लोह मिळत नाही. तिने लोहाचं औषध घातलं. पुढची पालवीही पिवळीच फुटली. तिने पुन्हा घातलं. ऑफिसातलं झाड असतं तर मुळं बघितल्याशिवाय दुसऱ्यांदा औषधाला हात लावला नसता. इथे मुळं बघायचा धीर झाला नव्हता.

आता बघितली. पांढरी मुळं थोडीच उरली होती. बाकीची तपकिरी, चिमटीत धरली की साल सुटून हातात येत होती. मातीला नासका वास होता. लोह मातीत भरपूर होतं, बुडालेल्या मुळांना ते उचलता येत नव्हतं. पण एवढं पाणी आलं कुठून? ऑफिसातल्यासारखं इथेही ती ठरलेल्या वारीच पाणी घालत होती. ऑफिसांच्या एसीत माती ठरल्या दिवशी सुकतेच, त्या सवयीने घरीही तिने बोट घालून पाहिलं नव्हतं.

दार उघडलं. नवरा रात्रपाळीवरून आला. त्याने बूट काढले, नळाखाली तांब्या भरला आणि इकडेतिकडे न बघता खिडकीशी गेला. कुंडी जागेवर नव्हती. तो तांब्या धरून तसाच उभा राहिला.

“रोज घालतोस?” तिने विचारलं.

“आल्या आल्या. आई घालायची तसं. म्हटलं, तू विसरशील.”

“मी झाडं विसरेन?”

“झाडं नाही. हे झाड.”

कंपनीत पाणी घातलं की मातीत लाल काडी खोचतात, म्हणजे दुसरा कुणी घालत नाही. घरात ती कुणासाठी खोचायची, असं तिला वाटलं होतं.

तिने सडलेली मुळं कापली, कोरडी माती घेतली, लहान कुंडी शोधली. तो शेजारी उभा राहून बघत होता. जगेल का, असं त्याने विचारलं. नवा शेंडा हिरवा फुटला तर, असं ती म्हणाली. आणि ते उद्या आठच्या आत कळणार नव्हतं.

“आईला काय सांगायचं, डॉक्टरीणबाई?”

“दोघांनी मिळून बुडवलं म्हणून सांगायचं.”

तो हसला नाही. तांब्यातलं पाणी त्याने मोरीत ओतलं.

तिने कुंडीत लाल काडी खोचली आणि हात धुतले. आठला ती एरवी कामाच्या फेरीतल्या पहिल्या इमारतीत असते आणि तो नुकताच झोपलेला असतो. कामावर निघण्याआधी तिने मुकादमाला फोन केला. उद्या पहिल्या इमारतीची फेरी दुपारी होईल.